क्लचचं रबर आणि खोबरेल तेल

आमच्या गाडीत चपला घालून बसायला बंदी होती. दार उघडायचं, चपला काढायच्या, मागच्या सीटच्या पायाशी ठेवलेल्या कापडी पिशवीत टाकायच्या आणि मगच पाय आत घ्यायचा. नियम पप्पांचा होता आणि त्यातून कोणाचीही सुटका नव्हती. एकदा माझा मामा नवेकोरे बूट घालून आला होता. लेस सोडता सोडता तो वैतागून म्हणाला, "ही गाडी आहे का देऊळ?" पप्पा म्हणाले, "देवळात मी जात नाही. गाडीत रोज बसतो." मामाने मुकाट्याने दुसराही बूट काढला.

गाडी जुनी होती. बाटलीच्या काचेसारखा हिरवा रंग, पुढे दोन गोल दिवे, गियरची दांडी स्टिअरिंगच्या खाली आणि पुढची सीट बाकासारखी सलग. मी पाचवीत असताना पप्पांनी ती कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतली, तेव्हाच ती बऱ्यापैकी पिकलेली होती. पप्पा सरकारी कचेरीत आरेखक होते. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढायचे, रेघ वाकडी गेली तर अख्खा कागद पुन्हा करायचे. त्यांचा हा स्वभाव गाडीने पुरेपूर वसूल करून घेतला.

ते स्वतः गाडी अनवाणी चालवायचे. या नियमाचा सगळ्यात जास्त फटका त्यांनाच बसायचा, कारण ते चपला दाराशी काढायचे, मग त्यांना रेडिएटरमधलं पाणी बघायची आठवण व्हायची, मग काच पुसायची, मग आरसा सरळ करायचा, आणि हे सगळं होऊन गाडी निघेपर्यंत पिशवी डोक्यातून पार गेलेली असायची. चपला रस्त्यावरच राहायच्या, डौलात, एकीशेजारी एक. मंडईत राहिल्या, शनिवार पेठेत राहिल्या, एकदा तर एका लग्नाच्या कार्यालयासमोर राहिल्या आणि तिथल्या लोकांनी त्या नवऱ्याकडच्यांच्या समजून आत नेऊन ठेवल्या. पप्पा घरी आले की आई आधी त्यांच्या पायांकडे बघायची.

"आज कुठे ठेवून आलात?"

"मंडईत."

"मंडई मोठी आहे. कोणत्या बाजूला?"

आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. अर्धवट उत्तराला ती अर्धेसुद्धा गुण द्यायची नाही.

तर गाडी अशी, चालवणारा असा, आणि भानगड होती ती क्लचच्या रबराची. गाडीत पायाशी तीन दांडे असतात. क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. दांड्याच्या टोकाला पत्र्याची पट्टी आणि पाय घसरू नये म्हणून त्या पट्टीवर रबर चढवलेलं, उशीला अभ्रा चढवावा तसं. आमच्या गाडीतल्या क्लचचा अभ्रा सैल होता. चार-पाच वेळा क्लच दाबला की तो हळूहळू सरकायचा, आणि नेमका चौकात, मागे पाच-पन्नास वाहनं हॉर्न वाजवत असताना, खाली पडायचा. थप असा आवाज यायचा. मग पप्पांचा अनवाणी तळवा पत्र्याच्या धारेवर यायचा आणि ते शिपायाकडे फाइल मागावी इतक्या शांतपणे म्हणायचे, "रबर."

हे मला उद्देशून असायचं. क्लच डावीकडे असतो आणि शेजारी मी बसायचे, त्यामुळे हे खातं आपोआप माझ्याकडे आलं. मी पाचवीपासून पप्पांच्या पायाशी सूर मारत आले. डोकं खाली, वेणी ब्रेकवर, एका हाताने पप्पांचा पाय बाजूला सारायचा, दुसऱ्या हाताने रबराची वरची कड अडकवायची आणि खालची ओढायची. दहावीपर्यंत मला हे न बघता जमायला लागलं. मी त्यांच्याइतकीच रीतसर नोकरी करत होते, फक्त पेन्शन नव्हती.

नव्वदीचं दशक सरता सरता मी इंजिनिअर झाले आणि संगणकाच्या एका कंपनीत लागले. माझं काम टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, त्यांची नोंद करायची आणि त्यांचे चेहरे पडलेले बघायचे. मला ते फार आवडायचं. सकाळी साडेसातला कर्वेनगरच्या चौकातून कंपनीची बस मला उचलायची आणि संध्याकाळी कधी सोडेल याचा नेम नसायचा. शनिवार-रविवार सुट्टी. माझ्याबरोबरची मुलं एकेक करून नव्या गाड्या घेत होती. सरबताच्या रंगांच्या, बटण दाबलं की काच खाली येणाऱ्या. त्या गाड्यांत लोक खुशाल चपला घालून बसायचे. मीही एक छोटीशी गाडी बुक केली. लाल. पप्पा शोरूममध्ये आले, त्यांनी वाकून तिच्या क्लचचं रबर दोन बोटांनी हलवून पाहिलं, आणि ते हललं नाही म्हणून जरा नाराज झाले.

अडचण निराळीच निघाली. आमच्या सोसायटीच्या फळ्यावर एका सकाळी नोटीस लागली. 'आवारात एका सदनिकेस एकच चारचाकी. नवी असो वा जुनी, चालती असो वा नसो.' यातला 'चालती असो वा नसो' हा भाग खास आमच्यासाठी होता, हे सगळ्या इमारतीला कळलं. नोटीस लिहिणारे सेक्रेटरी आमच्या समोरच राहायचे आणि रोज पप्पांना हसून नमस्कार करायचे.

त्या रविवारी जेवताना आईने विषय काढला. "आता जुनी काढून टाकू या."

पप्पा बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "दोष काय आहे गाडीत?"

"रबर पडतं," आई आणि मी एकदमच म्हणालो.

"म्हणजे दोष रबरात आहे. गाडीत नाही." त्यांनी ताटावरून हात बाजूला घेतला. "महिना द्या मला. दसऱ्याला आपण येरवड्याला जातोच. घरापासून ताईच्या दारापर्यंत एकदा जरी रबर पडलं, तर दुसऱ्या दिवशी गाडी विकतो. नाही पडलं, तर जुनी आत आणि नवी बाहेर."

ताई म्हणजे माझी आत्या. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून तिच्याकडे जायचो आणि तिथून सगळे मिळून विहारात. बाकी पुणं त्या दिवशी सोनं वाटतं, आम्ही धम्मचक्र प्रवर्तन दिन पाळतो. कर्वेनगर ते येरवडा म्हणजे वाटेत किती चौक आणि किती वेळा क्लच, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? मी मनातल्या मनात लाल गाडी आत आणून लावलीसुद्धा. पप्पांचा शब्द म्हणजे शाईने मारलेली रेघ, ती खोडली जायची नाही. मला त्यांचं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर जेवढं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही.

पप्पांनी महिनाभर जे प्रयोग केले त्यांचं वर्णन करायला नकाशेच हवेत. आधी त्यांनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून रबराला आडव्या-उभ्या बांधल्या. क्लच आजारी माणसाच्या पायासारखा दिसायला लागला आणि दुसऱ्याच चौकात पट्ट्यांसकट रबर खाली आलं. मग त्यांनी पंक्चरवाल्याकडून सोल्युशन आणलं. पट्टीला लावलं, रबराला लावलं, आणि नीट बसलं का बघायला, ते वाळायच्या आत, अनवाणी पायाने क्लच दाबला. रबराने पट्टीपेक्षा पप्पांना जवळ केलं. ते तीन जिने तसेच चढून आले. एक पाऊल नेहमीचं, एक थप. आईने दार उघडलं, खाली बघितलं आणि म्हणाली, "आज चपला राहिल्या, पण काहीतरी आणलंत म्हणायचं." रॉकेलच्या बोळ्याने तळवा सोडवायला अर्धा तास लागला आणि तेवढा वेळ आई त्यांना शाळेतल्या गमती सांगत बसली.

मी मात्र माझ्या पद्धतीने कामाला लागले. पप्पांना मदत करायची म्हणून नव्हे, तर सवयच तशी लागली होती. रबर कधी पडलं, कोणत्या चौकात, कितव्यांदा क्लच दाबल्यावर, याची मी संगणकावर नोंद ठेवायला लागले. पप्पा रोज संध्याकाळी इमानदारीने माहिती पुरवायचे. "नळ स्टॉपला एकदा. डेक्कनला पडायच्या बेतात होतं, पण पडलं नाही. ते धरू नकोस." तीन आठवड्यांची नोंद समोर आल्यावर एक विचित्र गोष्ट दिसली. सोमवारी आणि मंगळवारी रबर सपाटून पडायचं, बुधवारपासून कमी व्हायचं, आणि शुक्रवारी-शनिवारी जवळजवळ नाहीच. सोमवारी रस्त्यावर गर्दी जास्त असते, असं मी त्याचं कारण लिहिलं. टेस्टिंगमध्ये याला आळस म्हणतात.

दसरा आठवड्यावर आला तेव्हा पप्पांनी मला शनिवार पेठेत पिटाळलं. तिथे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं. काउंटरमागे सत्तरीचे गृहस्थ पेपर वाचत होते. मी पर्समधून क्लचचं रबर काढून काचेवर ठेवलं आणि म्हणाले, "असं नवीन द्या."

त्यांनी पेपरची घडी घातली, रबर उचललं, चिमटीत दाबलं, उलटं केलं आणि नाकाशी नेलं. मग माझ्या केसांकडे बघितलं.

"डोक्याला लावायचं ते पायाला कोण लावतं तुमच्याकडे?"

मला काही कळेना. त्यांनी रबर माझ्यापुढे धरलं. वास आला. खोबरेल तेल.

"आतून तेल, बाहेरून तेल. मग ते पट्टीवर राहणार कशाला? नातेवाईक आहे का ती त्याची?" त्यांनी रबर काचेवर परत ठेवलं. "नवीन मिळणार नाही."

"संपलंय का?"

"आहे की. पण याला काय झालंय? साबणाने धुवा, पट्टीही पुसून घ्या. मग रबर जरा गरम पाण्यात टाका, मऊ झालं की वरची कड अडकवून खालची ओढा. कोरडं बसवा. दहा वर्षं हलणार नाही." एवढं बोलून त्यांनी पेपर पुन्हा उघडला. गिऱ्हाईक गेलं, असं त्यांच्या लेखी ठरलं होतं.

मी स्कूटरवर बसले आणि माझ्या डोक्यात सगळी नोंद एकदम जुळली. रविवारी सकाळी पप्पा गाडी धुवायचे, आणि शेवटी आईच्या कपाटातली तेलाची बाटली घेऊन जाऊन रबरांना चमक आणायचे. गेली बारा-तेरा वर्षं, न चुकता. सोमवारी रबर घसरायचं, आणि जसजसं तेल त्यांच्या तळव्याला पुसलं जायचं तसतसं शनिवारपर्यंत शहाण्यासारखं वागायला लागायचं. मी एवढी वर्षं त्यांच्या पायाशी बुड्या मारल्या, माझ्या हातांना तेलाचा वास यायचा, आणि मला वाटायचं गाडीचा वासच तो.

घरी आले तर पप्पा दारातच उभे. "मिळालं?"

"नाही. ते म्हणाले, हेच चांगलं आहे."

"बघ. मी काय म्हणत होतो?" त्यांचा चेहरा उजळला. "आणखी काय म्हणाले?"

आता बघा. मी एक वाक्य बोलले असते तर गाडी वाचली असती. पण गाडी वाचली असती तर माझी नवी गाडी रस्त्यावर आली असती, तिथल्या पिंपळाखाली, जिथे कावळ्यांची भरगच्च वसाहत होती.

"आणखी काही नाही," मी म्हणाले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी सगळी सोसायटी खाली गाड्या धूत होती. सेक्रेटरींनी आपल्या गाडीला झेंडूची माळ घातली आणि पुढे लिंबू-मिरची टांगली. पप्पा ते बघून मला म्हणाले, "लिंबाने ब्रेक लागत असता, तर पाणी अडवायला आम्ही धरणं कशाला बांधली असती? लिंबंच टांगली असती." आपल्या घरात असलं काही चालत नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. एवढं बोलून त्यांनी तेलाची बाटली उघडली, गाडीच्या दाराशी गुडघे टेकून बसले आणि क्लचचं रबर काढून त्याला आतून-बाहेरून तेल चोळायला लागले. परीक्षेचा दिवस होता, म्हणून जरा जास्तच.

माझ्याने राहवेना. "पप्पा, तेल कशाला?"

"वस्तूला तेल लागतं." त्यांनी मान वर केली नाही. "मी सातवीपर्यंत अनवाणी शाळेत गेलो. आठवीला तालुक्याच्या शाळेत नाव घातलं, तेव्हा आमच्या वडिलांनी मला वहाणा घेतल्या. पहिल्याच. दर रविवारी ते त्या मांडीवर घेऊन तेल लावायचे आणि खुंटीला टांगायचे. म्हणायचे, तेल लावलेली वस्तू दगा देत नाही. मॅट्रिक होईपर्यंत पुरल्या त्या मला. शाळेच्या दारापर्यंत हातात घेऊन जायचो आणि दारात घालायचो. झिजू नयेत म्हणून."

कातड्याला तेल मानवतं आणि रबराला नाही, हे त्यांना कधी कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी रबर हातानेच पट्टीवर चढवलं, अंगठ्याने दाबलं, आणि समाधानाने बाटलीचं झाकण लावलं. मला माझी इतकी लाज वाटली की मी वर निघून गेले. तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. पण 'तुमच्या वडिलांचं चुकलं' हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

दसऱ्याच्या दिवशी सकाळी पप्पा आंघोळीला गेले. त्यांची आंघोळ म्हणजे हमखास वीस मिनिटं. मी गाडीची किल्ली, भांड्यांचा साबण, गरम पाण्याचा तांब्या आणि पंचा घेऊन खाली पळाले. रबर काढलं, खसाखसा धुतलं, पट्टी पुसली, सगळं कोरडं केलं, रबर तांब्यात बुडवून मऊ केलं, पुन्हा टिपलं आणि दुकानदारांनी सांगितलं तसं वरची कड अडकवून खालची ओढली. हे बसलं ते असं बसलं की मला हाताने हलेना. मी वर आले तेव्हा आई दारात उभी होती. तिने माझ्या हातातल्या तांब्याकडे बघितलं, पंच्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "चहा गाळलाय."

आम्ही निघालो. पप्पा पांढऱ्या सदऱ्यात, मी पांढऱ्या ड्रेसमध्ये, आई मागे पांढऱ्या साडीत, मांडीवर खिरीचा डबा. पहिला क्लच दाबल्यावर पप्पा क्षणभर थांबले. मग गियर पडला आणि गाडी सुटली.

नळ स्टॉप आला. काही पडलं नाही. डेक्कनला हार घातलेल्या टेम्पोंची रांग लागली होती, तिथे पप्पांनी वीस-पंचवीस वेळा तरी क्लच दाबला. काही पडलं नाही. प्रत्येक सिग्नलला माझं डोकं आपोआप खाली जायला निघायचं आणि मी ते परत वर आणायचे. बंड गार्डनचा पूल ओलांडला, येरवडा आलं, आत्याचं घर दोन चौकांवर राहिलं, आणि एक रिक्षा आडवी आली. पप्पांनी करकचून ब्रेक दाबला.

थप.

पप्पांचा चेहरा पांढऱ्या सदऱ्याला मॅच झाला. मी डोळे मिटले. माझं धुणं कुठे चुकलं? पप्पांनी गाडी कडेला घेतली, आणि मला "रबर" म्हणायच्या ऐवजी स्वतःच वाकले. खाली चाचपडले. वर आले तेव्हा त्यांच्या हातात एक बायकी चप्पल होती. तपकिरी, अंगठ्याची, डाव्या पायाची.

आम्ही दोघांनी मागे वळून बघितलं. आई खिडकीतून बाहेर बघत होती.

"ही तुमची?" पप्पांनी विचारलं. आईला ते कधीच अहो-जाहो करायचे नाहीत.

"दिसतेय तशी," आई म्हणाली.

पडलं होतं ते रबर नव्हतं. ब्रेकच्या धक्क्याने आईच्या पायातून चप्पल निसटून पुढच्या सीटखालून थेट क्लचपाशी गेली होती. म्हणजे आईच्या पायात चप्पल होती. आणि तिच्या त्या सराईत उत्तरावरून कळलं की आजच नव्हे, गेली बारा-तेरा वर्षं, साडीच्या निऱ्यांखाली झाकून, आई आमच्या गाडीत चपला घालून बसत होती. पिशवीत ती दर वेळी काय टाकायची? नुसताच हात घालून बाहेर काढायची. मामाचे बूट उतरवले गेले तेव्हाही ती याच सीटवर, याच चपलांत, गंभीर चेहऱ्याने बसलेली होती.

पप्पांनी चप्पल उलटी-सुलटी करून बघितली. एरवी त्यांनी गाडी तिथून पुढे नेलीच नसती. पण त्यांचा पाय अजून क्लचवर होता आणि क्लचवर रबर होतं. त्यांनी चप्पल मागे दिली. "घाला," एवढंच म्हणाले आणि गियर टाकला.

आत्या दारातच उभी होती. रबराची पैज तिला फोनवर कळली होती. ती म्हणाली, "गाडी शाबूत हाय म्हनायची. पायातलं पायतान कुठं हाय रं?" पप्पांनी खाली बघितलं. त्यांच्या चपला कर्वेनगरच्या पार्किंगमध्ये होत्या, एकीशेजारी एक. विहाराबाहेर सगळ्यांनीच चपला काढल्या होत्या म्हणून ते खपून गेलं. आत पंचशील म्हणताना, खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाला माझा आवाज बारीक झाला. शेजारी आईचाही झाला. पप्पा मात्र खणखणीत आवाजात म्हणत होते.

परत येताना ते एकदाच म्हणाले, "तेल." आणि मान हलवली.

लाल गाडी पिंपळाखाली गेली आणि कावळ्यांनी तिचा रंग दोन महिन्यांत बदलून दाखवला. ती गाडी उत्तम होती. तिच्यात काहीच पडायचं नाही, त्यामुळे तिच्यात बसल्यावर आम्हाला बोलायला काही नसायचं. जुनी गाडी आपल्या जागेवर राहिली. दर रविवारी सकाळी पप्पा तिला धुवायचे आणि रबरांना तेल लावायचे. दुपारी ते जरा आडवे झाले की मी साबण आणि तांब्या घेऊन खाली जायचे आणि ते तेल काढायचे. हे पुढे कित्येक वर्षं चाललं. मी कंपन्या बदलल्या, माझ्या हाताखाली माणसं आली, पण रविवारचं माझं हे काम मी कोणाला सोपवलं नाही. कधी कधी धुऊन झाल्यावर मी पुढच्या सीटवर तशीच बसून राहायचे. मग पप्पा उठून खाली यायचे, शेजारी बसायचे, आणि आम्ही न निघालेल्या गाडीत तासभर गप्पा मारायचो.

मग पप्पांच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. एका रविवारी दुपारी मी खाली गेले, तर पप्पा आधीच येऊन पुढच्या सीटवर डावीकडे बसले होते. त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली.

"आता तूच चालव. आणि साबण जरा कमी वापरत जा. रबर रखरखीत होतं."

मी तांब्या हातात धरून उभीच राहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

"अनवाणी चालवतो मी. पायाला कळत नाही होय?"

"कधीपासून?"

"येरवड्याला गेलो तेव्हापासून. पहिलाच क्लच दाबला आणि कळलं."

"मग तेल लावत का राहिलात?"

"आठवडाभर तू त्या बसमध्ये. दिसायचीस कुठे?" ते काचेतून समोर बघत होते. "तेल लावलं की खाली यायचीस."

मला तिथेच रडू आलं, आणि ते लपवायला पंचा हातात होता म्हणून बरं झालं. मी चपला काढल्या, पिशवीत ठेवल्या आणि स्टिअरिंगमागे बसले. त्या दिवशी मी तेल पुसलं नाही. तांब्यातलं पाणी पिंपळाला घातलं होतं. कर्वेनगरच्या चौकात सिग्नल लागला, मी चौथ्यांदा क्लच दाबला, आणि रबर खाली पडलं. थप.

"रबर," मी म्हणाले.

पप्पांनी चष्मा काढून समोर ठेवला आणि माझ्या पायाशी वाकले. मागची वाहनं हॉर्न वाजवायला लागली. त्यांना दिसत काहीच नव्हतं, पण त्यांनी एका हाताने माझा पाय बाजूला सारला, वरची कड अडकवली आणि खालची ओढली.